ओझे कोणी वाहिले?



या वेळी आम्हाला डोंगराविषयी लिहायचे आहे. डोंगर म्हटला की आपल्या माणसांना काय आठवते? कुणाला डोक्यावरची सरपणाची मोळी आठवते, कुणाला दगडाची खाण, कुणाला दुष्काळी कामावरचा रस्ता. हौस म्हणून डोंगर चढायचा आणि त्यासाठी वर पैसे मोजायचे, हे आमच्या आईवडिलांना कुणी सांगितले असते तर त्यांनी सांगणाऱ्याचे डोके ठिकाणावर आहे का, असे विचारले असते. पण काळ बदलला. आपली मुले शिकली, नोकरीला लागली, आणि त्यांनाही चार मुलुख पाहावेसे वाटू लागले. यात वाईट काही नाही. उलट आम्हाला आनंदच आहे. मात्र या आनंदाच्या प्रसंगी आमच्या वस्तीतल्या एका आजीने एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने आमची झोप उडवली. ती हकीकत तुमच्यापुढे मांडतो.

आमच्या चाळीतला एक तरुण खाजगी कंपनीत नोकरी करतो. वडील गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी करून निवृत्त झालेले, आई घरकाम करणारी. या मुलाला कॉलेजपासून डोंगरांचे वेड. चार वर्षे त्याने दरमहा साडेपाच हजार रुपये बाजूला टाकले, पतपेढीतून 1 लाख 10 हजारांचे कर्ज काढले, आणि 2024 च्या फेब्रुवारीत नऊ जणांच्या एका गटाबरोबर तो पूर्व आफ्रिकेला गेला. केनिया आणि टांझानिया हे शेजारी देश. दोघांचेही सर्वांत उंच डोंगर एकाच दौऱ्यात चढायचे, असा त्यांचा बेत होता.

घरात कुरबुर झालीच. "एवढ्या पैशात घराचे पत्रे बदलून झाले असते," असे वडील म्हणाले. शेजारीपाजारीही बोलले. आम्हालाही दोघातिघांनी विचारले, "भाऊ, तुम्ही समाजकार्य करता, त्याला चार शब्द का सांगत नाही?" आम्ही सांगितले नाही. ज्याने स्वतःच्या घामाचे पैसे साठवले आहेत, त्याने ते कशावर खर्च करावेत हे ठरवणारे आम्ही कोण? श्रीमंताच्या मुलाने डोंगर चढला तर ते साहस, आणि कामगाराच्या मुलाने चढला तर ती उधळपट्टी, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

मुलगा सुखरूप परत आला. एका रविवारी सायंकाळी आम्ही त्याचा अनुभवकथनाचा कार्यक्रम विहारात ठेवला. टीव्हीला मोबाइल जोडून तो फोटो दाखवू लागला. बायाबापड्या, पोरेटोरे, सत्तर-ऐंशी माणसे जमली होती.

त्याने सांगितले ते थोडक्यात असे. प्रथम ते केनियात नैरोबीला उतरले. तिथून माउंट केनियाच्या सिरिमोन वाटेने वर निघाले. पहिला मुक्काम 3300 मीटरवर, पुढचा 4200 मीटरवर. आपले कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे पहिल्या रात्रीच त्यांनी दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या. पुढे भल्या पहाटे अंधारात निघून सूर्योदयाला ते लेनाना या टोकावर पोहोचले. त्याची उंची 4985 मीटर.

इथे मुलाने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, ती आम्हाला आवडली. केनियाचे खरे सर्वोच्च शिखर लेनाना नाही. ते बाटियान, 5199 मीटर. त्याच्याशेजारी नेलियान, 5188 मीटर. ही दोन्ही कातळाची सुळके आहेत. तिथे दोर, खिळे आणि गिर्यारोहणाचे पक्के शिक्षण लागते. पायी चालणाऱ्याची मजल लेनानापर्यंतच. "म्हणजे काका, आम्ही केनियाचे पहिले नाही, तिसरे शिखर चढलो," असे तो म्हणाला. आजकाल दोन पायऱ्या चढून दहा सांगणारे फार झाले आहेत. त्यात हा मुलगा वेगळा.

मग नमंगा नावाच्या सरहद्दीवरच्या गावातून बसने ते टांझानियात गेले आणि किलिमांजारोच्या पायथ्याच्या मोशी गावी उतरले. किलिमांजारो हा 5895 मीटर उंचीचा, निद्रिस्त ज्वालामुखीचा डोंगर. सगळ्या आफ्रिका खंडात त्याच्याहून उंच काही नाही. पायथ्याशी चागा लोकांच्या केळीच्या आणि कॉफीच्या बागा, त्यावर दाट जंगल, मग खुरटी झुडपे, मग नुसता दगड आणि शेवटी बर्फ. हे बर्फही आता सरत चालले आहे. 1912 साली जेवढे होते, त्यातले 80 टक्क्यांहून अधिक वितळून गेले.

मचामे नावाच्या वाटेने तंबूत मुक्काम करत सात दिवसांची ही चढउतार. शेवटचा तळ बराफू, 4673 मीटरवर. स्वाहिली भाषेत बराफू म्हणजे बर्फच. शब्द आपल्या ओळखीचा निघाला तसे लोक हसले. तिथून रात्री बाराच्या सुमारास निघायचे, डोक्याला दिवा बांधायचा, आणि बाराशे मीटर उंची एका दमात चढायची. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मा. चार पावले टाकली की थांबून श्वास घ्यावा लागतो. वाटाडे सारखे "पोले पोले" म्हणत असतात, म्हणजे हळूहळू. नऊ जणांपैकी एकाला डोकेदुखी आणि ओकाऱ्या सुरू झाल्या, त्याला हाताला धरून वाटाड्याचा मदतनीस खाली घेऊन गेला. आठ जण वर पोहोचले.

टीव्हीवर शिखराच्या पाटीपाशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाचा फोटो आला, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी आले. वडिलांनीही टाळी वाजवली, हे आम्ही पाहिले.

त्या शिखराचे नाव उहुरू. याचा इतिहास आम्ही वाचून आलो होतो, तो आम्ही सभेत सांगितला. 1889 साली हान्स मेयर हा जर्मन आणि लुडविग पुर्टशेलर हा ऑस्ट्रियन, असे दोघे या शिखरावर पहिल्यांदा पोहोचले असे पुस्तकांत लिहिलेले असते. तो मुलुख तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता, म्हणून मेयरने शिखराला जर्मन कैसरचे नाव देऊन टाकले. डोंगर कुणाचा आणि नाव कुणाचे! पुढे ज्युलियस न्येरेरे यांनी 1959 साली कायदेमंडळात सांगितले की, आम्ही या डोंगराच्या माथ्यावर एक दिवा लावू इच्छितो, जिथे निराशा आहे तिथे त्याने आशा द्यावी आणि जिथे अपमान आहे तिथे प्रतिष्ठा द्यावी. 9 डिसेंबर 1961 रोजी टांगानिका स्वतंत्र झाला तेव्हा अलेक्झांडर न्यिरेंडा या तरुण लेफ्टनंटने खरोखरच वर मशाल नेली आणि झेंडा रोवला. कैसरचे नाव पुसले गेले आणि शिखर उहुरू झाले. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. दोन वर्षांनी, 12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा किसोई मुन्याओ या गिर्यारोहकाने लेनानावर केनियाचा झेंडा फडकवला. ज्यांना आपल्याच मुलुखात खालच्या पायरीवर बसवले गेले होते, त्यांनी स्वातंत्र्याच्या दिवशी सर्वांत उंच जागा गाठली. हे ऐकून आपल्या माणसांच्या अंगावर काटा आला नसता तरच नवल.

आमचे भाषण असे रंगात आले असता मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. या आजींनी तीस वर्षे भाजी मार्केटात पाट्या वाहिल्या. पहाटे तीनला घर सोडायचे, कोबीच्या गोणी, टोमॅटोच्या पाट्या डोक्यावरून गाळ्यापर्यंत न्यायच्या. आज त्यांची मान नीट वळत नाही. त्यांनी मुलाला विचारले,

"बाळा, तंबू, भांडीकुंडी, आठवडाभराचा शिधा, एवढं सामान वर नेलं कोणी?"

"आजी, तिकडे पोर्टर असतात. हमाल."

"किती होते?"

"आम्ही नऊ जण. त्यांची माणसं एकतीस. वाटाडे, आचारी धरून."

"एकतीस! मग ते बी वर पोचले का?"

"नाही आजी. ते शेवटच्या तळापर्यंत येतात. वर वाटाडे फक्त."

"त्यांची नावं काय?"

मुलगा गप्प झाला. मुख्य वाटाड्याचे आणि आचाऱ्याचे नाव त्याला ठाऊक होते. बाकीच्यांना हे लोक सात दिवस "रफीकी" म्हणत होते. रफीकी म्हणजे मित्र. ज्याचे नाव माहीत नाही, असा मित्र.

आजींनी एवढेच म्हटले, "फोटो मागं घे. त्या वाटेवरचा." मुलाने फोटो मागे घेतला. कड्याच्या वाटेवर एक माणूस डोक्यावर मोठी गोणी घेऊन चढत होता, पाठीवर आणखी एक पिशवी. मुलाने तो फोटो मोठा केला. पायात बूट होते, पण डाव्या बुटाचा तळवा दोरीने बांधलेला होता. आमच्या सभागृहात मघाच्या टाळ्यांनंतर आता टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. आजी खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी मुलगा आमच्या घरी आला. त्याचा चेहरा पडलेला होता. "काका, मी काही चूक केली का?" असे त्याने विचारले. आम्ही म्हणालो, "चूक-बरोबर नंतर पाहू. आधी हिशेब दाखव." आम्ही पडलो कारकून. बी. कॉम. झालो तेव्हापासून आकडे वाचण्यातच आयुष्य गेले. माणसाचे मन भाषणात दिसत नाही, ते त्याच्या खर्चाच्या वहीत दिसते, असा आमचा अनुभव आहे.

त्याने वही दाखवली. विमान 48 हजार. केनियाची चढाई 66 हजार. टांझानियाची चढाई 1 लाख 72 हजार. बूट, कपडे, झोपायची पिशवी 31 हजार. व्हिसा, विमा आणि लस 22 हजार. मधले राहणे-खाणे आणि बस 18 हजार. इतर 17 हजार. एकूण 3 लाख 74 हजार. बेरीज चोख होती. आम्ही विचारले, "यात ते एकतीस जण कुठे आहेत?" तो म्हणाला, "त्यांचा पगार कंपनीच्या रकमेत येतो. बक्षिसी आम्ही वेगळी दिली, ती 'इतर'मध्ये आहे." म्हणजे ज्यांच्या डोक्यावर सगळी सहल उभी होती, त्यांची बक्षिसी आणि आईसाठी आणलेली मसाई चादर एकाच ओळीत! आणि ती बक्षिसी तरी कशी दिली? नऊ जणांनी पैसे गोळा केले, एका पाकिटात घातले आणि शेवटच्या दिवशी मुख्य वाटाड्याच्या हाती दिले. पुढे ती कुणाला किती मिळाली, हे कुणी विचारले नाही. कंपनी त्यांना रोज काय देते, हेही कुणी विचारले नाही.

हिशेब ठेवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्या खात्याला स्वतःचे नाव नसते, ते खाते कुणी तपासत नाही. आपल्या समाजाइतके हे दुसऱ्या कुणाला कळणार? पिढ्यान्पिढ्या आपले कष्ट गावाच्या वहीत 'इतर' म्हणूनच मांडले गेले.

मग आम्ही दोघांनी बसून माहिती काढली. किलिमांजारोवर हमालाच्या डोक्यावर कंपनीचे ओझे 20 किलोपेक्षा जास्त देऊ नये, असा नियम आहे. उद्यानाच्या दारात आणि तळांवर वजनकाटे आहेत. पण काटा असून भागत नाही, तो पाहणारे डोळे लागतात. मोशीमध्ये 2003 सालापासून 'किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट' नावाची संस्था काम करते. हमालांना चढाईसाठी उबदार कपडे ती फुकट वापरायला देते, आणि कोणत्या कंपन्या मजुरी, जेवण, तंबू नीट देतात यावर लक्ष ठेवते. अशी संस्था काढावी लागली, यातच सर्व आले. पर्यटकाच्या अंगावर 31 हजारांचे कपडे असतात आणि त्याचे ओझे वाहणारा त्याच थंडीत उसने जाकीट घालून झोपतो.

इतिहासही तसाच. 1889 च्या त्या मोहिमेत मेयर आणि पुर्टशेलर दोघेच गेले होते काय? त्यांचे सामान वाऱ्याने नेले काय? बरोबर स्थानिक वाटाडे होते, हमाल होते. पण पुस्तकात नावे दोघांची. शंभर वर्षांनी, 1989 साली, शताब्दी साजरी झाली तेव्हा कुठे योहानी किन्याला लावो या चागा वाटाड्याचे नाव लोकांपुढे आले. माउंट केनियावर 1899 साली हॅलफर्ड मॅकिंडर हा इंग्रज सेझार ओलिए आणि जोसेफ ब्रोशेरेल या दोन आल्प्सच्या वाटाड्यांबरोबर बाटियानवर चढला. किकुयू लोकांचा तो किरिन्यागा, त्यांच्या देवाचे घर. टोकांना मॅकिंडरने मसाई धर्मप्रमुखांची नावे दिली खरी, पण खालून ओझी वाहून आणणारे इतिहासात अनामिकच राहिले. शेजारच्या युगांडातले मार्गेरिता हे 5109 मीटरचे शिखर तर इटलीच्या राणीच्या नावाचे आहे. 1906 साली इटलीचा एक ड्यूक तिथे पहिल्यांदा पोहोचला, म्हणून. हे शिखर युगांडा आणि काँगो यांच्या सरहद्दीवर आहे, दोन्ही देशांचे सर्वोच्च ठिकाण एकच. आमचा मुलगा तिथे गेला नाही, कारण तिथल्या हिमनदीवर चालायला दोर आणि बर्फाची हत्यारे लागतात आणि खर्चही झेपणारा नव्हता.

वाचकहो, या मुलुखाशी आपले एक जुने नाते आहे, तेही ओझ्याचेच. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे इंग्रजांनी 1896 ते 1901 या काळात बांधली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर नेले, त्यांतले बहुतेक पंजाबातले. सुमारे अडीच हजार तिथेच मेले. आज केनियाच्या खाणावळीत चपाती मिळते आणि चहाला चाय म्हणतात, त्यामागे अशा माणसांचाही वाटा आहे. त्यांच्यातल्या किती जणांची नावे आपल्याला माहीत आहेत?

आणि आपल्या मुंबईतली गोष्ट विसरू नका. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. त्याला ना हजेरी, ना रजा, ना फंड, अशी स्थिती होती. संघटना झाली, लढा झाला, आणि 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा आला. नोंदणी आली, मंडळ आले, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, फंड आला. आजही सगळ्यांना त्याचा लाभ मिळत नाही, आमच्या आजींना मिळालाच नाही. पण नोंदवहीत नाव चढले की काय फरक पडतो, हे त्या कायद्याने दाखवून दिले. बाबासाहेबांनी 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले, तेव्हाही कामगाराला दया नव्हे तर हक्क मिळावा, हीच दिशा होती. बक्षिसी ही दया आहे. मजुरी हा हक्क आहे. हा फरक आपल्या मुलांना समजला पाहिजे.

आता कुणी म्हणेल, "म्हणजे आपल्या मुलांनी डोंगर चढूच नयेत काय?" असे आम्ही मुळीच म्हणत नाही. 25 मे 2014 रोजी मालावत पूर्णा ही तेरा वर्षांची आदिवासी शेतमजुराची मुलगी आणि आनंद कुमार हा दलित मुलगा तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टवर पोहोचले. दोघेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या, आजच्या तेलंगणातल्या समाजकल्याण खात्याच्या निवासी शाळांतले विद्यार्थी. 2016 साली पूर्णा किलिमांजारोही चढली. ज्यांना शाळेच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते त्यांची लेकरे जगाच्या माथ्यावर उभी राहिली, याचा अभिमान आम्हाला जन्मभर पुरेल. पण 2014 सालीच 18 एप्रिलला एव्हरेस्टच्या नेपाळकडील बाजूला बर्फाचा कडा कोसळून 16 नेपाळी कामगार गेले, हेही लक्षात ठेवू या. दुसऱ्यांसाठी वाट तयार करताना, दुसऱ्यांचे सामान नेताना ते गेले. सरकारने प्रथम त्यांच्या घरच्यांना 40 हजार नेपाळी रुपये देऊ केले, तेव्हा शेर्पा संतापून उठले. वर चढणारी पूर्णा आपली आहे. खाली ओझे वाहणारा तोही आपलाच आहे. आपल्याला यांतला एक निवडायचा नाही.

म्हणून ज्या घरांतली मुले असे बेत करतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

पहिली, प्रकृतीची. अडीच-तीन हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो, पैलवानालाही. तीन हजारांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही सुरुवात. चालताना झोक जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर शिखर विसरून ताबडतोब खाली उतरावे. आधी माउंट केनिया आणि मग किलिमांजारो, हा क्रम या मुलांना उपयोगी पडला, कारण शरीर सवयीचे झाले. जो एक जण परतला, त्याने शहाणपणच केले.

दुसरी, लशीची. केनियातून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावरून थेट वेगळे ठेवले जाते. लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी.

तिसरी, पैशाची. कर्ज काढायचे तर फेडण्याचा कागद आधी लिहावा. आमच्या मुलाने लिहिला होता, म्हणून घरावर बोजा आला नाही.

चौथी, आणि आमच्या मते पहिल्या क्रमांकाची. पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा. हमालाला रोज काय देता? तो झोपतो कुठे? दिवसातून किती वेळा जेवतो? त्याच्या डोक्यावर किती किलो? या प्रश्नांना जो उत्तर देत नाही त्याच्याबरोबर जाऊ नका, तो चार पैसे स्वस्त असला तरी. ते चार पैसे कुणाच्या तरी जेवणातून कापलेले असतात. आणि बक्षिसी द्यायची तर सर्वांसमक्ष, नाव घेऊन, ज्याच्या त्याच्या हातात द्या.

आता त्या मुलाचे सांगतो. त्याने मुख्य वाटाड्याला मोबाइलवर निरोप पाठवून एकतीस जणांची नावे मागितली. आधी त्याला हे विचित्रच वाटले, एवढ्या वर्षांत कुणी मागितली नव्हती म्हणे. मग एकेक नाव येऊ लागले. बूट बांधलेल्या त्या माणसाचे नाव सातवे आले. तो मुलगा ती नावे खर्चाच्या वहीत 'इतर'ची ओळ खोडून तिथे लिहितो आहे. आजपर्यंत एकोणीस झाली. बारा बाकी आहेत. बक्षिसी कुणाला किती मिळाली, हा प्रश्नही त्याने विचारला आहे, त्याचे उत्तर अजून आलेले नाही.

येत्या डिसेंबरात आम्ही वस्तीतल्या मुलामुलींना घेऊन कळसूबाईला जाणार आहोत. बारी गावातून चढायचे. पुढे हा मुलगा असेल. प्रत्येकाने आपले पाणी आणि आपली भाकरी आपल्या पाठीवर घ्यायची, असा नियम केला आहे. मोठ्या पातेल्यासाठी गावातला गडी लावावा लागलाच, तर त्याची मजुरी आधी ठरेल आणि त्याचे नाव वहीत पहिल्या ओळीत लिहिले जाईल. ती वही तपासायला आम्ही त्या आजींना बसवणार आहोत. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण ओझे वाचता येते.

जयभीम.